गणित सोडण्याआधी

अकरावीला सायन्स घ्यायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ग्रुप कोणता? ‘डॉक्टरच व्हायचंय, मग गणित कशाला?’ असं म्हणत बरीच मुलं गणिताऐवजी भूगोलासारखा विषय घेतात. नीटला गणित नसतं, त्यामुळे हिशेब सरळ वाटतो.

पण नीटला हवे तेवढे गुण पडले नाहीत तर? फार्मसी, कृषी हे रस्ते पीसीबीवर उघडे राहतात. इंजिनिअरिंगचे बहुतेक बंद होतात. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. आयसरच्या प्रवेश परीक्षेतही ६० पैकी १५ प्रश्न गणिताचेच. जीवशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्यालाही ते चुकत नाहीत. आणि चुकू नयेत. गोळी घेतल्यावर बहुतेक औषधांचं रक्तातलं प्रमाण ठरावीक काळाने निम्मं, मग पुन्हा निम्मं होत जातं. पुढची गोळी किती तासांनी द्यायची, हे बरंचसं या उतरणीवर ठरतं. हे गणितच आहे.

जीवशास्त्र सोडलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. बारावीनंतर तो अतिरिक्त विषय म्हणून देऊन नीटला बसायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये मान्यता दिली.

चारही विषय ठेवले तर अभ्यास वाढतो, हे खरं. तरीही दहावीच्या गणिताची नुसती धास्ती असेल, तर पहिले काही आठवडे चारही ठेवून पाहावेत. विषय बदलण्याची मुदत कधी संपते, ते मात्र प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.