ऑर्किडची तहान

शहरांतील घरांतून अलीकडे ऑर्किडची कुंडी वरचेवर दिसूं लागली आहे. वाढदिवसाला किंवा वास्तुशांतीला ती भेट म्हणून येते. तिचीं रुंद, पांढरीं-जांभळीं फुलें दोन-तीन महिने टिकतात आणि घरांतील माणसें हरखून जातात. पुढील वर्षीं मात्र तीच कुंडी रिकामी होऊन जिन्याखालीं पडलेली आढळते. झाड कशानें मेलें, असें विचारल्यास बहुतेक घरांतून एकच उत्तर येतें, "कोणास ठाऊक! पाणी तर रोज घालीत होतों." श्रोतेहो, त्या झाडाच्या मृत्यूचें कारण या उत्तरांतच आलें आहे.

माझ्या घरीं हेंच घडलें. सकाळीं तुळशीला घालून तांब्यांत उरलेलें पाणी शेजारच्या कुंडीला द्यावयाचें, असा आईचा नेम. शेजारीं ऑर्किड होतें. चार महिन्यांत त्याचीं पानें सुरकुतलीं. पानें सुरकुतलीं म्हणून आम्हीं पाणी वाढविलें! अखेर कुंडी उपडी केली, तेव्हां मुळांचा काळा लगदा हातीं आला. मुळेंच कुजल्यामुळें झाड पाण्यांत उभें राहून तहानेनें मेलें होतें.

असें कां व्हावें? बाजारांत मिळतें तें ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस असतें. पतंगासारखें दिसणारें, अशा अर्थाचें हें ग्रीक नांव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२५ सालीं दिलें. आग्नेय आशियांतील अरण्यांत तें मोठ्या वृक्षांच्या खोडांना मुळांनीं बिलगून राहतें. आपल्या सह्याद्रींतील सीतेची वेणी अशीच झाडांवर वाढते. हीं झाडें बांडगुळें नव्हेत. तीं वृक्षाचा रस शोषीत नाहींत, केवळ आधार घेतात. पाऊस पडला कीं त्यांचीं मुळें भिजतात आणि वारा सुटला कीं सुकतात. मुळांवर मृत पेशींचें स्पंजासारखें वेष्टन असतें. तें पाणी चटकन टिपून आंतल्या मुळाला पुरवितें. परंतु तें सतत ओलें राहिलें, तर मुळाला हवा मिळत नाहीं व तें कुजूं लागतें.

इंग्लंडांतील माळ्यांनाहि हा धडा महाग पडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ते उष्ण देशांतून आणलेलीं ऑर्किडें कोंदट कांचघरांत ठेवीत आणि तीं मरत. पुढें १८३० नंतरच्या दशकांत चॅट्सवर्थ येथें जोसेफ पॅक्स्टन यानें कांचघरांत वारा खेळूं दिला, तेव्हां तीं जगूं लागलीं.

म्हणून पाण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवूं नये, मुळें पाहून ठरवावा. कोरडें मूळ रुपेरी दिसतें. भिजलें कीं वेष्टन पारदर्शक होऊन आंतील हरितद्रव्य दिसतें व मूळ हिरवें होतें. मुळें रुपेरी झालीं आणि कुंडी हाताला हलकी लागली, म्हणजे सकाळीं भरपूर पाणी घालावें व तें तळाच्या भोकांतून पूर्ण निथळूं द्यावें. खालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. पानांच्या बेचक्यांत राहिलेलें पाणी फडक्यानें टिपावें. नागपूरच्या उन्हाळ्यांत हें दोन-तीन दिवसांनीं करावें लागेल. मुंबईच्या श्रावणांत आठ-दहा दिवसांनींहि पुरे होतें.

कुंडींतील झाडाची साल दोन-एक वर्षांत कुजून तिचा भुगा होतो व हवेची वाट बुजते. तेव्हां कुंडी बदलावी. फुलें ओसरून नव्या मुळांचीं हिरवीं टोकें दिसूं लागलीं, म्हणजे ती वेळ आली असें समजावें. कडक मुळें राखावीं; मऊ, तपकिरी, पोकळ झालेलीं मुळें ज्योतीवर धरून निवविलेल्या चाकूनें कापावीं. मुळें जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्यावी. मोठ्या कुंडींत ओल रेंगाळते. माती मुळींच घालूं नये. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, झाडाची साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे, यांपैकीं जें मिळेल तें पेराएवढें करून भरावें. नंतर तीन-चार दिवस पाणी न देतां कापलेल्या जागा सुकूं द्याव्या.

दुसरें झाड आणलें, तेंहि आईच्याच स्वाधीन केलें. आतां तुळशीला पाणी घातलें कीं ती तांब्या बाजूला ठेवते, कुंडी उचलून पाहते आणि बहुधा तशीच परत ठेवते. गेल्या माघांत त्या झाडाला पुन्हां फुलांचा दांडा आला.