चुकलेली उत्तरसूची आणि कनिष्ठ परीक्षक

उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी परीक्षा ही एकट्या विद्यार्थ्याची नसते, साऱ्या घराची असते. म्हणून वसंतातील या व्याख्यानासाठी आम्ही परीक्षेचाच विषय निवडला आहे. परंतु त्याकडे विद्यार्थ्याच्या नव्हे, तर परीक्षकाच्या, आणि परीक्षकांतही सर्वांत कनिष्ठ अशा परीक्षकाच्या बाजूने पाहावयाचे आहे. प्रश्न असा की, वरिष्ठ प्राध्यापकांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत वा उत्तरसूचीत चूक आहे, हे त्यांच्या हाताखाली उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या लक्षात आले, तर त्याने काय करावे?

प्रथम एक उदाहरण घेऊ. वाणिज्य शाखेच्या संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत समजा असे विचारले आहे: एक मोटार उमरखेडहून पुसदला ताशी 40 किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी 60 किलोमीटर वेगाने परतली, तिचा सरासरी वेग किती? उत्तरसूचीत 50 लिहिले आहे. चाळीस आणि साठ यांच्या बेरजेला दोनाने भागले की 50 येतात हे खरे, पण उत्तर खोटे. आकडेमोडीपुरते अंतर 120 किलोमीटर धरा. जावयास 3 तास लागले, यावयास 2. एकूण 240 किलोमीटर 5 तासांत, म्हणजे सरासरी ताशी 48. अंतर कोणतेही धरले तरी हेच उत्तर येईल, कारण मोटार हळू चालते तेव्हा ती रस्त्यावर अधिक वेळ असते. आता उत्तरसूचीप्रमाणे तपासणी केली, तर ज्याला विषय समजला त्याला शून्य आणि ज्याला समजला नाही त्याला पूर्ण गुण!

यात अवघड काय, चूक दाखवून द्यावी, असे कोणी म्हणेल. अवघड आहे ते दाखविणाऱ्याचे स्थान. एके काळी तो ट्यूटर किंवा डेमॉन्स्ट्रेटर असे. आज बहुधा तो तासिका तत्त्वावरील अध्यापक असतो. त्याचे मानधन तासांवर, नेमणूक मुदतीची. पुढील वर्षी बोलावणे येईल की नाही, यात वरिष्ठांच्या मताला वजन असते. अशा माणसाने वरिष्ठांची चूक काढावयाची म्हणजे प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही, तो पोटाचा होतो. त्यातच गुरूची चूक शिष्याने काढू नये, हा संस्कार आपल्याकडे खोल रुजलेला आहे.

त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, गप्प बसून सूचीप्रमाणे गुण देणे. दुसरी, कोणाला न सांगता आपल्या गठ्ठ्यातील बरोबर उत्तरांना गुण देणे. तिसरी, बोलणे. पहिली वाट चुकीची हे सांगावयास नको. दुसरी मात्र फसवी आहे. ती सुरुवातीच्या काळात आम्हीच एकदा चोखाळली, म्हणून तिच्याविषयी अधिकाराने बोलू शकतो. आमच्या गठ्ठ्यातील मुलांना आम्ही गुपचूप न्याय दिला आणि मनातून समाधानीही झालो. दुसरा गठ्ठा शेजारच्या टेबलावर सहकाऱ्याकडे होता. त्याने निष्ठेने सूची पाळली. निकालानंतर त्या गठ्ठ्यातील एक मुलगी तेवढ्याच गुणांनी अनुत्तीर्ण झाल्याचे कळले. तिचे उत्तर बरोबर होते. आमच्या दयेने अन्याय दूर झाला नव्हता, तो शेजारच्या टेबलावर सरकला होता, इतकेच. समान उत्तराला समान गुण हा परीक्षेचा पाया आहे. गुप्त दुरुस्ती तोच पाया उखडते.

राहिली तिसरी वाट. तिला न्यायालयाचाही आधार आहे. उत्तर प्रदेशातील 1982 च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील काही प्रश्नांची उत्तरसूची चुकली, असे म्हणून विद्यार्थी न्यायालयात गेले. कानपूर विद्यापीठाच्या त्या खटल्यात 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी तत्त्व सांगितले ते असे: उत्तरसूची बरोबर आहे असेच गृहीत धरावे, परंतु ती चूक असल्याचे निःसंशय सिद्ध झाले, तर त्या चुकीची शिक्षा विद्यार्थ्याला करणे अन्याय्य होय. पुढे 2024 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, हे पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीतील विधान त्या वादाच्या मुळाशी होते. किरणोत्सारी मूलद्रव्ये ठाऊक असणारा कोणीही ते मान्य करणार नाही. पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या 67 जणांपैकी 44 जण या एका प्रश्नाच्या सवलतीमुळे तेथे पोहोचले होते. न्यायालयाने दिल्लीच्या आय. आय. टी. तील तीन तज्ज्ञांचे मत मागविले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरविले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण कमी झाले. त्या वेळी सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. एकेचाळीस वर्षांनी पुत्रापुढे तोच प्रश्न यावा, यावरून ही व्याधी किती जुनी आहे हे दिसते.

परंतु प्रत्येक विद्यार्थी दिल्लीला जाऊ शकत नाही. शिवाय नियमांत तरतूद नसेल तर फेरतपासणी हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्याच खटल्यात ठरविले. तेव्हा चूक सुधारण्याची खरी वेळ निकालापूर्वीची, आणि त्या वेळी ती ज्याच्या डोळ्यांसमोर असते तो हा कनिष्ठ परीक्षकच.

त्याने कसे बोलावे? आमच्या मते प्रथम त्या प्रश्नाची तपासणी थांबवावी. उत्तर स्वतः दोनदा पडताळावे, प्रमाण ग्रंथाशी ताडून पाहावे. कारण चूक आपलीही असू शकते. मग त्याच दिवशी प्राध्यापकांना एकांतात भेटावे. ‘सर, आपण चुकलात’ असे न म्हणता, ‘सर, मला येथे 48 येतात, एकदा पाहता का?’ असे म्हणावे. सोबत अर्ध्या पानाचे टिपण द्यावे. ते ऐकत नसतील तर तेच टिपण विभागप्रमुखांकडे अथवा परीक्षा अधिकाऱ्यांकडे द्यावे. विद्यार्थ्यांत किंवा स्टाफरूममध्ये बोभाटा करू नये. त्याने माणूस अडून बसतो आणि चूक तशीच राहते.

उपायही चुकीच्या जातीप्रमाणे निराळा. केवळ सूची चुकली असेल तर ती दुरुस्त करून सर्व गठ्ठे पुन्हा पाहावेत. प्रश्नाचेच दोन अर्थ होत असतील तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. प्रश्न सुटण्याजोगाच नसेल तर तो सर्वांसाठी बाद करावा.

हा सल्ला देणे आम्हांस सोपे आहे. आमची नोकरी आता पणाला लागलेली नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून दोन शब्द वरिष्ठांसाठी. विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे ऑगस्ट 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. आज सहायकाने हळूच दाखविलेली चूक उद्या विद्यार्थी उघड दाखवील. तेव्हा टिपण घेऊन दाराशी उभा राहिलेला सहायक आपला मान घालविण्यास नव्हे, राखण्यास आलेला असतो. त्याला आत बोलवावे, बसावयास सांगावे आणि कागद हाती घ्यावा. आणि पुढील वर्षी त्याला पुन्हा बोलावणे धाडावे.