रुळाची विक्री लखनौला सुरू होते

भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या क्वार्टरांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचं पोट बीएसपीवर, म्हणजे भिलाई इस्पात कारखान्यावर चालत आलं आहे. तिथल्या रेल्वे रुळाची जाहिरात मात्र कुणी पाहिलेली नसेल. रुळाचं मोठं गिऱ्हाईक देशात एकच, भारतीय रेल्वे. तरीही या मालाला मार्केटिंग लागतं आणि माझ्या मते ते सळईच्या मार्केटिंगपेक्षा अवघड आहे. घर बांधणारा माणूस आयुष्यात एकदा-दोनदा सळई घेतो आणि गवंडी किंवा दुकानदार सांगेल ते ऐकतो, म्हणून तिथे नाव कानावर असावं लागतं. रूळ घेणाऱ्याला नाव आधीच ठाऊक असतं. तो कागद आणि पुरावे मागतो.

भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी रुळांची मिल. पोलादाच्या किमतीवर आणि वाटपावर 1992 पर्यंत सरकारचं नियंत्रण होतं. माल कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नसे.

आता मात्र तसं नाही. रुळाची खरी विक्री सुरू होते लखनौला. तिथली आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था रुळाचे निकष ठरवते: रासायनिक घटक किती, ताकद किती, सरळपणात फरक किती चालेल. उदाहरण हायड्रोजनचं घेऊ. वितळलेल्या पोलादात तो थोडा जास्त राहिला, तर थंड होताना रुळाच्या पोटात बारीक चिरा पडू शकतात. वरून काही दिसत नाही, पण चाकांच्या माऱ्याखाली चीर वाढत जाते. म्हणून मर्यादा आहे दहा लाख भागांत 1.6 भाग. ती पाळायची तर निर्वात यंत्रणेत पोलादातला वायू ओढून काढावा लागतो. गिऱ्हाइकाच्या कागदावरचा एक आकडा कारखान्याला नवी यंत्रणा उभारायला लावतो. तो आकडा का आला, हे भट्टीवरच्या माणसाला समजावून सांगणं हेही मार्केटिंगचंच काम आहे.

लांबीचं तसंच. 13 मीटरचे रूळ वापरले, तर एक किलोमीटर मार्गावर दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे दीडशे सांधे येतात. 260 मीटरच्या पट्ट्यांत ते आठच्या आसपास उरतात. प्रत्येक सांधा म्हणजे कमजोर जागा, शिवाय देखभालीचा कायमचा खर्च. भिलाईची युनिव्हर्सल रेल मिल 130 मीटरचा रूळ काढते. असे दोन रूळ कारखान्यातच जोडून 260 मीटरचा पट्टा होतो. मीटरला 60 किलो या हिशेबाने तो साडेपंधरा टनांहून जड भरतो. तो न्यायला खास वाघिणींची गाडी लागते. इथे टनाचा भाव सांगून भागत नाही. रुळावर पुढची कित्येक वर्षं होणारा खर्च किती वाचेल, ते रेल्वेच्या अभियंत्याला पटवावं लागतं.

मग तपासणी. अनेक वर्षं राइट्स या सरकारी कंपनीचे निरीक्षक कारखान्यात बसून माल पास करत आले. रुळावर बनवणाऱ्याची खूण, महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं, हीटचा नंबरही असतो. हीट म्हणजे पोलादाची एक घाणी. उद्या कुठे रूळ तडकला, तर त्या नंबरावरून थेट त्या दिवसाच्या नोंदीपर्यंत पोचता येतं. तक्रार आली की कारखान्याचा माणूस किती लवकर आणि किती खरं उत्तर देतो, यावर पुढची खरेदी अवलंबून असते. मला हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण रुळावर माणसांचे जीव आहेत.

आता छत्तीसगडातल्याच रायगढचा जिंदलचा कारखानाही रेल्वेला रूळ देतो. गाड्यांचा वेग आणि डब्यांचा भार वाढतो आहे, त्यामुळे निकषही बदलत राहणार. लखनौला नवा मसुदा तयार होत असतानाच भिलाईची माणसं चाचण्यांचे आकडे घेऊन तिथे चर्चेला हजर हवीत. निविदा निघेपर्यंत थांबलं, तर मिलमध्ये बदल करायला वेळ उरत नाही.