फिलॉसॉफी झाडू नकोस!

आपल्या हॉस्टेलवर ‘फिलॉसॉफर’ ही पदवी फार स्वस्तात मिळते. दाढी वाढली, दोन केट्या लागल्या आणि रात्री एक वाजता गच्चीवर “शेवटी आयुष्य म्हणजे तरी काय रे...” असं एक वाक्य टाकलं, की झालात तुम्ही फिलॉसॉफर! ऐकणाऱ्याला कंटाळा आला की तो म्हणणार, “ए, फिलॉसॉफी झाडू नकोस.” म्हणजे हा शब्द एक तर विनोद, नाहीतर शिवी.

मला मात्र बरेच दिवस एक प्रश्न पडलाय. चांगला इंजिनिअर कोण हे ओळखता येतं. त्याचा पूल उभा राहतो, त्याचं मशीन चालतं. चांगला तत्त्वज्ञ कशावरून ओळखायचा? त्याचा पूल कुठे असतो?

खूप वाचलेला, जड बोलणारा, शांत चेहऱ्याचा, अशी आपली साधारण कल्पना. आता लुडविग विट्गेन्श्टाइन यांचं उदाहरण घ्या. हा माणूस मूळचा आपल्याच जातकुळीतला, मेकॅनिकलवाला! बर्लिनला शिकून १९०८ मध्ये ते मँचेस्टरला विमानविद्येच्या संशोधनासाठी गेले. १९११ मध्ये त्यांना एका प्रोपेलरचं पेटंटही मिळालं. प्रोपेलरमुळे गणितात शिरले, गणितामुळे गणिताच्या पायात, आणि तिथून थेट केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्या दारात. जुन्या तत्त्वज्ञांचं वाचन बेताचंच, आणि स्वभाव तर विचारूच नका. १९२१ मध्ये त्यांचं छोटं पुस्तक आलं. सगळे मुख्य प्रश्न सुटले असं मानून हे गृहस्थ ऑस्ट्रियातल्या खेड्यांत शाळामास्तर झाले. १९२९ मध्ये केंब्रिजला परतले आणि पुढची वर्षं त्यांनी स्वतःच्याच पुस्तकाचा पाया उकरण्यात घालवली. ते दुसरं काम त्यांच्या मृत्यूनंतर, १९५३ मध्ये छापून आलं.

म्हणजे वाचन, शांतपणा वगैरे कसोट्या बाद. मग नेमकं काय लागतं? त्यासाठी एक काम जरा जवळून पाहू.

ज्ञान म्हणजे काय? हसू नका, व्याख्या करून बघा. प्लेटोच्या एका संवादात जिची चर्चा आहे आणि पुढे अनेकांनी जी धरून ठेवली, ती व्याख्या साधारण अशी: ती गोष्ट खरी पाहिजे, तुमचा तिच्यावर विश्वास पाहिजे आणि त्या विश्वासाला योग्य कारण पाहिजे. तिन्ही अटी पूर्ण, की झालं ज्ञान. ऐकायला एकदम फिट्ट.

१९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकांनी जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि दाखवून दिलं की तिन्ही अटी पूर्ण होऊनही ज्ञान नसू शकतं. त्यांची उदाहरणं वेगळी आहेत. मी रसेल यांच्या १९४८ च्या पुस्तकातलं बंद घड्याळ आपल्या मेसमध्ये आणून टांगतो. समजा मेसचं घड्याळ आठ वाजून दहा मिनिटांवर बंद पडलंय आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. तुम्ही वर बघता आणि नेमके तेव्हाच खरोखर आठ-दहा झालेले असतात. तुमचा विश्वास आहे, तो खरा आहे, आणि भिंतीवरचं घड्याळ बघणं हे काही वाईट कारण नव्हे. पण तुम्हाला वेळ ‘माहीत’ होती का? मन म्हणतं, छे!

याला उगाच शब्दांचा खेळ म्हणू नका. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आठवा. तारेचा यंग्ज मोड्युलस काढायचाय. स्क्रू गेजची झिरो एरर कुणी वजा केली नाही, त्यामुळे व्यास जास्त आला, म्हणून उत्तर कमी यायला हवं. पण लॅबमधली वजनं झिजून छापापेक्षा हलकी झालेली, म्हणून तार कमी ताणली गेली आणि उत्तर जास्त यायला हवं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर पुस्तकातल्यासारखं! जर्नलवर सही झाली, बॅच खूश. या बॅचला मोड्युलस ‘कळला’ का? पुढच्या खेपेला कुणी नवी वजनं आणली की तीच पद्धत चुकीचं उत्तर देईल. त्या आकड्यावर कुणी जिना उभारला तर? व्हायवाला एक्स्टर्नल म्हणतात ना, “उत्तर बरोबर आहे, पण तुला येत नाही,” ते नकळत गेटियर यांचंच बोलत असतात.

गेटियर यांनी नवी व्याख्या दिली नाही. त्यानंतर फारसं काही छापलंसुद्धा नाही. तरी त्यांचं नाव टिकलं, कारण सगळे ज्या फळीवरून चालत होते ती नेमकी कुठे पोकळ आहे हे त्यांनी साध्या उदाहरणाने दाखवलं. बाराव्या शतकात आपल्याकडच्या श्रीहर्षांनीही असंच केलं होतं. बंद मुठीत कवड्या किती? कुणी अंदाजाने “पाच” म्हणतो आणि निघतात पाचच. मग हे ज्ञान म्हणायचं का, असं विचारून त्यांनी तेव्हाच्या व्याख्येला अडचणीत आणलं. तत्त्वज्ञाचा पूल म्हणजे व्याख्या आणि युक्तिवाद, आणि प्रतिउदाहरण हे त्यावरचं लोड टेस्टिंग.

दुसऱ्याच्या पुलावर ट्रक चढवणं सोपं असतं. स्वतःच्या पुलावर चढवून घ्यायला छाती लागते. गॉटलोब फ्रेगे हे जर्मनीतल्या येना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. सगळं अंकगणित तर्काच्या पायावर उभं करण्यासाठी त्यांनी अनेक वर्षं घातली. १९०२ च्या जूनमध्ये ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत असताना तरुण रसेल यांचं पत्र आलं. त्यातला पेच हॉस्टेलच्या भाषेत असा: रेक्टर सरांनी सांगितलं, ज्या रजिस्टरांत स्वतःची नोंद नाही अशा सगळ्या रजिस्टरांची यादी एका नव्या रजिस्टरमध्ये कर. आता या नव्या रजिस्टरची नोंद त्यात करायची की नाही? केली तर करायला नको होती, नाही केली तर करायला हवी होती! फ्रेगे यांच्या एका गृहीतकातून असला विरोध सरळ निघत होता.

फ्रेगे यांनी आठवड्याच्या आत उत्तर लिहिलं आणि पाया हादरलाय हे मान्य केलं. १९०३ मध्ये खंड निघाला तेव्हा शेवटी परिशिष्ट जोडून तो पेच स्वतःच मांडला. साठ वर्षांनी रसेल यांनी लिहिलं की एवढ्या सचोटीचं दुसरं उदाहरण आपल्याला ठाऊक नाही. (चांगला तत्त्वज्ञ म्हणजे चांगला माणूस असं मात्र समजू नका. फ्रेगे यांच्या १९२४ च्या डायरीत ज्यूद्वेष आहे आणि तो वाचवत नाही.)

न्यायसूत्रांत गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. वाटेल त्या मार्गाने जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ राहिला आणि ‘वाद’ म्हणजे भांडण झालं, यावर काय बोलायचं! जल्पातलं एक हत्यार म्हणजे छल. कुणी एखाद्याला ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला म्हटलं, की लगेच “कुठे आहेत याच्याकडे नऊ घोंगड्या?” असं विचारायचं. आपल्या कट्ट्यावर हे रोज चालतं, फक्त घोंगडीच्या जागी सचिन असतो. वादात मात्र आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नीट मांडावं लागतं. ते त्याच्याहून चांगलं मांडता आलं, तर मी त्या माणसाला शंभरपैकी नव्वद मार्क देईन.

असा एक खरा वाद पुण्यात झालाय. १९८३ मध्ये दया कृष्ण, मे. पुं. रेगे वगैरे मंडळींनी न्यायशास्त्राचे पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसवले. पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले ते हेच रेगे. चर्चेला विषय होता रसेल यांचा, विधान म्हणजे काय हा, आणि त्यांचं म्हणणं पंडितांसाठी संस्कृतात आणलं होतं. पंडितांनी ते आदराने बाजूला ठेवलं नाही. आधी समजून घेतलं आणि मग त्यावर आक्षेप घ्यायला सुरुवात केली.