टाळेबंदीनंतर उघडलेली दुकाने आणि ऑनलाइन खरेदी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि देशव्यापी टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला, तेव्हाही महाराष्ट्रातील कापड, भांडी, सराफी यांची दुकाने बंदच होती. पुढे १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील सर्व निर्बंध उठले आणि २ एप्रिलच्या पाडव्याला बाजारपेठा पूर्ववत भरल्या. वर्षाच्या मुख्य खरेदीच्या या तीन मुहूर्तांमधील काळात दुकान आणि ऑनलाइन विक्री यांचे परस्परसंबंध कसे बदलले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषय विवेचन :

दुकाने बंद झाली म्हणून ऑनलाइन खरेदी वाढली आणि ती उघडताच घटली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रिटनपुरते ते बरेचसे खरे आहे. तेथील किरकोळ विक्रीत ऑनलाइन विक्रीचा वाटा साथीपूर्वी सुमारे २० टक्के होता. जानेवारी २०२१ मध्ये तो ३७ टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि दुकाने उघडल्यानंतर, २०२२ मध्ये, सुमारे २६ टक्क्यांवर स्थिरावला. वाढलेला वाटा कायम टिकेल या अपेक्षेने विस्तार करणाऱ्या शॉपिफाय या कॅनेडियन कंपनीने जुलै २०२२ मध्ये आपला अंदाज चुकल्याचे मान्य करून सुमारे दहा टक्के कर्मचारी कमी केले.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र या साच्यात बसत नाही. एप्रिल २०२० मध्ये ऑनलाइन कंपन्यांनाही केवळ जीवनावश्यक वस्तू पोहोचविण्याची मुभा होती. मोबाइल संच किंवा साडी दुकानात मिळत नव्हती, तशीच ती ऑनलाइनही मिळत नव्हती. मे महिन्यात निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले, ते दोघांसाठीही जवळजवळ एकाच वेळी. त्यामुळे 'दुकाने उघडल्याचा ऑनलाइन खरेदीवर परिणाम' हा प्रश्नच आपल्याकडे निराळ्या रीतीने मांडावा लागतो. दोघेही एकदमच उघडले. पण कोण किती उघडले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

जून २०२० मध्ये 'पुनश्च हरिओम'च्या घोषणेनंतर पुण्यासह अनेक महापालिका क्षेत्रांत रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी, तर दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडण्याची पद्धत आली. कापड दुकानांत कपडे घालून पाहण्यास आणि विकलेला माल बदलून देण्यास मनाई होती. हात लावून, अंगाला लावून पाहणे आणि न पटल्यास बदलून घेणे हेच तर दुकानाचे खरे बळ. ऑनलाइन विक्रेता माल परत घेत होता, दुकानदाराला मात्र ते करता येत नव्हते. मुळशीतील अनेक कुटुंबे लग्नाचा बस्ता पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर बांधतात. त्यांच्यासाठी दुकान उघडले होते, पण ते अर्धेच.

सर्वात बोलका काळ एप्रिल २०२१ चा आहे. ५ एप्रिलच्या रात्रीपासून जीवनावश्यक नसलेली दुकाने बंद झाली, ऑनलाइन विक्री मात्र सुरू राहिली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून तीही जीवनावश्यक वस्तूंपुरती मर्यादित झाली. मधले जेमतेम नऊ दिवस आणि त्यातच पाडवा! व्यापाऱ्यांनी निषेध केला, तो अनाठायी म्हणता येणार नाही. सणासाठी भरलेला माल दुकानात पडून राहिला आणि ग्राहक त्याच वस्तू मोबाइलवरून मागवू शकत होता. पाडव्याला हुकलेली विक्री १ जूननंतर निर्बंध सैल झाल्यावर भरून निघणे कठीणच होते.

मुळशीपुरते पाहता तालुक्याचे दोन भाग वेगळे करावे लागतात. पूर्वेकडे हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, तसेच बावधन, सूस, म्हाळुंगे हा शहराला लागून वाढलेला पट्टा आहे. यांपैकी बावधन बुद्रुक, सूस व म्हाळुंगे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. हिंजवडीत दुकाने उघडली तरी गिऱ्हाईक परतले नाही, कारण संगणक अभियंते घरून काम करीत होते आणि अनेक जण आपापल्या गावी गेले होते. खानावळी, चहाच्या टपऱ्या, झेरॉक्स आणि मोबाइलची दुकाने यांना त्याची झळ दीर्घकाळ बसली. ऑनलाइन विक्रेत्याने हा ग्राहक गमावला नाही. त्याचा केवळ पत्ता बदलला. दुकान जागेला बांधलेले असते. म्हणून दुकान उघडण्याची तारीख आणि व्यवसाय सावरण्याची तारीख यांत गल्लत करता कामा नये. आर्थिक विश्लेषणात ती वारंवार होताना दिसते.

पश्चिमेकडे, पौडच्या पुढे कोळवण खोरे, मुळशी धरणाचा परिसर आणि ताम्हिणीपर्यंतच्या विखुरलेल्या वाड्यावस्त्यांची परिस्थिती निराळी आहे. एका फेरीत मोजकीच पार्सले आणि प्रत्येकासाठी लांबचा रस्ता, यामुळे घरपोच सेवा तेथे महाग पडते. एस.टी. बंद, आठवडे बाजार बंद अशा काळात अशा गावांना आधार असतो तो गावातल्या किराणा दुकानाचाच. भाताचे पीक हाती येईपर्यंत उधारी देणे हा या दुकानदारीचा जुना व्यवहार आहे. ऑनलाइन कंपन्यांनीही 'नंतर पैसे द्या' अशा योजना आणल्या, परंतु त्या बँक खाते व पतनोंद तपासतात. दुकानदार घर ओळखतो.

ऑनलाइन व्यवहाराची एक सवय मात्र दुकानातच येऊन रुजली. यूपीआयचे मासिक व्यवहार एप्रिल २०२० मध्ये जेमतेम शंभर कोटींवर आले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोनशे कोटींचा टप्पा ओलांडला. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवायची, सामान बांधून ठेवायला सांगायचे आणि पैसे मोबाइलवरून चुकते करायचे, या खरेदीला ऑनलाइन म्हणावे की दुकानातील, हे ठरविणे सोपे नाही. प्रचलित आकडेवारीत ती बहुधा दुकानाच्याच खात्यात पडते. पिरंगुट किंवा पौडच्या बाजारपेठेतील किराणा दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआर कोडचा फलक असतो आणि त्याखालच्या खणात उधारीची वही. साथीच्या आधीपासून चालत आलेल्या त्या वहीला अजून तरी पर्याय सापडलेला नाही.