बेचिराख घरांतला खेळ

मोलगीत मी अकरा वर्षे मराठी शिकवले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थी लॅपटॉप घेऊन घरी आला आणि ‘सीझन : अ लेटर टू द फ्यूचर’ नावाचा खेळ मला दाखवू लागला. मॉन्ट्रियलच्या स्टुडिओने तो 2023 साली बाजारात आणला. एक तरुणी सायकलवरून एका खोऱ्यात येते. ते खोरे आता पाण्याखाली जाणार आहे. बहुतेक लोक निघून गेले आहेत, उरलेल्यांची आवराआवर चालू आहे. तिच्याजवळ कॅमेरा आहे, ध्वनिमुद्रक आहे आणि एक चिकटवही आहे. जे वाचवता येईल ते तिने त्या वहीत ठेवायचे, एवढाच खेळ.

माझ्या विद्यार्थ्याचे मूळ गाव सरदार सरोवराच्या बुडितात गेले. त्याचे घर आता तळोद्याकडच्या एका वसाहतीत आहे. खेळताना मध्येच थांबून त्याने विचारले, “सर, गाव सोडताना या लोकांनी घरात एवढे सामान कसे ठेवले?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी या जातीचे आणखी काही खेळ पाहिले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

या खेळांना इंग्रजीत ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हणतात. हे नाव सुरुवातीला हेटाळणीने दिले गेले. यात शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत. मग उरते काय, तर नुसते चालणे. ‘डिअर एस्थर’ (2012) मध्ये स्कॉटलंडकडच्या एका ओसाड बेटावर आपण चालतो. ‘गॉन होम’ (2013) मध्ये 1995 सालच्या एका पावसाळी रात्री थोरली बहीण परदेशातून परतते, तर घरात कोणीच नसते. ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ (2015) मध्ये इंग्लंडमधले एक अख्खे गाव 1984 साली नाहीसे झालेले असते. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (2017) मध्ये एका कुटुंबातल्या मृतांच्या खोल्या जशाच्या तशा राखून ठेवलेल्या असतात.

या सर्वांची युक्ती एकच आहे. गोष्ट सांगणारा माणूस काढून घ्यायचा आणि त्याचे काम वस्तूंना द्यायचे. ड्रॉवरमधली चिठ्ठी, अर्धवट भरलेली बॅग, भिंतीवरचे कॅलेंडर. खेळणाऱ्याने या वस्तू पाहायच्या आणि मधले दुवे स्वतः जोडायचे. डॉन कार्सन यांनी 2000 साली डिस्नेच्या उद्यानांच्या रचनेतला अनुभव खेळ घडवणाऱ्यांसमोर मांडला होता: जागाच अशी रचा की तिच्यातून फिरणाऱ्याला गोष्ट कळावी. हेन्री जेन्किन्स यांनी 2004 च्या निबंधात हा विचार पुढे नेला आणि खेळ रचणाऱ्याला कथाकारापेक्षा वास्तुकाराच्या जवळ नेऊन बसवले. चाल मुद्दाम संथ ठेवतात, कारण धावणाऱ्याला चिठ्ठी दिसत नाही. काही दारे कुलूपबंद ठेवतात, म्हणजे प्रसंगांचा क्रम राखता येतो. ओसाडपणाचा एक व्यावहारिक फायदाही आहे. बोलता-चालता माणूस पडद्यावर घडवणे फार खर्चाचे असते, रिकामी खोली त्या मानाने स्वस्त पडते.

आता मोलगीकडे येऊ. नर्मदेवरच्या या धरणाने महाराष्ट्रातली 33 गावे बाधित झाली, ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. त्यांतले मणिबेली हे महाराष्ट्राच्या बाजूने धरणाला सर्वांत जवळचे. तिथले शूलपाणेश्वराचे जुने मंदिर जलाशयात गेले आणि त्याच नावाचे नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे उभे राहिले. 2019 च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण पातळीला भरला.

या गावांत ‘गॉन होम’सारखे घर सापडेल का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण घराच्या बांधणीत आहे. इथले भिल्ल-पावरा घर सागाच्या खांबांवर उभे राहते, भिंती बांबूच्या कुडाच्या, त्यावर मातीचा लेप, वर कौले. असे घर मोडून नेता येते. लोकांनी खांब, तुळया, कौले उतरवली, ट्रॅक्टर-ट्रकवर चढवली आणि नव्या जागी पुन्हा उभारली. मागे उरला तो जोत्याचा उंचवटा, आणि त्यावर गाळ बसला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या घरातले सामान तर मागे राहिले नव्हतेच, घरसुद्धा राहिले नव्हते.

दुसरे कारण कागदाचे. हे खेळ डायऱ्या, पत्रे, पावत्या यांच्यावर चालतात. लिहिणाऱ्या, साठवणाऱ्या मध्यमवर्गीय घराची ती सवय आहे. सातपुड्यातली स्मृती गाण्यांत, कथांत आणि जागांच्या नावांत राहते. कोणत्या आंब्याला काय म्हणत, नदी उतरायची कुठून, वाघदेव कुठे बसलेला, हे सांगणारे माणूसच लागते. ड्रॉवर उघडून ते मिळत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. या खेळांत माणसे नाहीशी झालेली असतात. इथे ती नाहीशी झालेली नाहीत. काही जण वसाहतींत आहेत, काही जण पाणी चढले तसे डोंगरावर वर सरकले आणि अजून तिथेच शेती करतात. ‘ओसाड गाव’ म्हणताक्षणी आपण या माणसांना गोष्टीतून वगळतो. ओसाड जागेत फिरण्याची जी हुरहूर आपल्याला गोड वाटते, ती पुष्कळदा विचारायला कोणी उरले नाही या सोयीवर उभी असते. म्हणूनच मला ‘सीझन’ इतरांहून वेगळा वाटला. त्यात अजून माणसे आहेत, त्यांच्याशी बोलावे लागते, आणि वहीत काय ठेवायचे हे ठरवण्याचा भार खेळणाऱ्यावर येतो.

आपल्या जुन्या महसुली कागदांत निर्मनुष्य गावासाठी ‘बेचिराख’ हा शब्द येतो. आज आपण तो जळून खाक झालेले या अर्थाने वापरतो, बहुधा त्यातली ‘राख’ ऐकू येते म्हणून. मूळ फारसी शब्द मात्र बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. बुडित गावांच्या वरच्या पाड्यांवर दिवे लागतात. त्यामुळे या जुन्या व्याख्येनेही ही गावे बेचिराख ठरत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याने आता स्वतः एक छोटा खेळ करायला घेतला आहे. मोफत मिळणारे सॉफ्टवेअर, आजीने सांगितलेली जागांची नावे आणि फोनवर मुद्रित केलेला तिचा आवाज, एवढे त्याचे भांडवल. पहिल्या नमुन्यात त्याने जुने गाव उभे केले: मोकळी वाट, उघडे दार, आत चूल, कणगी, कोणी नाही. तो आजीला दाखवताना मी शेजारी होतो. आजींनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि आपल्या बोलीत विचारले, “घरात कोणी नाही, तर तू आत कसा गेलास?”

पोरगा ओशाळला. मीही ओशाळलो, कारण एवढे खेळ पाहून हा प्रश्न मला पडला नव्हता. या प्रकारातल्या जवळजवळ प्रत्येक खेळाची सुरुवात परक्याच्या दारातून न विचारता आत जाण्याने होते, आणि वारसाहक्काने आत येणारी मुलगी सोडली तर ते कोणाला खटकतही नाही.

त्याने ते दार आता बदलले आहे. बाहेरून हाक मारावी लागते. मग आजीचा आवाज येतो, ती कोणाचा कोण ते विचारते, आणि उत्तर दिल्यावर अंगणातल्या एकेका जागेचे नाव सांगू लागते. घर अजून उघडत नाही. आत काय काय होते ते आजीने पुरते सांगितलेले नाही.

मणिबेलीत पाणी शिरू लागले त्या काळी जे संसारी होते ते आज साठीकडे किंवा त्यापुढे गेले आहेत. आजींची नावे सांगून संपायची आहेत. या दिवाळीत तो पुन्हा फोन घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, आणि मी वही घेऊन त्याच्यासोबत.