खड्ड्यापासून लगडीपर्यंत

घानाच्या मध्य प्रांतात सेक्येरे हेमांग इथे एक जलशुद्धीकरण केंद्र आहे. प्रा नदीचं पाणी तिथे स्वच्छ होऊन केप कोस्ट आणि आसपासच्या वस्तीला जातं. नदीच्या पाण्याचा गढूळपणा 2000 एनटीयूच्या वर जाणार नाही, असं धरून हे केंद्र बांधलं होतं. 2024च्या ऑगस्टमध्ये तो सरासरी 14,000 असल्याचं तिथल्या सरकारी पाणीपुरवठा कंपनीनेच जाहीर केलं. पिण्याच्या पाण्यात हा आकडा 5च्या आत असावा लागतो. कारण उघड आहे. प्रा, ऑफिन, बिरिम या नद्यांच्या काठावर आणि पात्रात सोन्यासाठी खोदाई चालते आणि धुतलेली माती परत नदीत जाते.

या खोदाईला घानात ‘गॅलमसे’ म्हणतात. मुळात हा शब्द छोट्या खोदाईचा, पण आज तो बेकायदा खाणकामालाच चिकटला आहे. या कामावर थेट पोट असलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. आणि यासाठी कायदा नाही, असं मुळीच नाही. छोट्या सोनेखाणींना मान्यता देणारा कायदा 1989चा आहे, 2006चा खनिज कायदा आहे, त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या आहेत. मग बिघडतं कुठे? हे समजायला सोन्याचा एक कण खड्ड्यातून निघून परदेशी जाईपर्यंत त्याच्या मागे मागे जाणं बरं. वाटेत कायदा कुठे उभा आहे आणि कुठे नुसताच लिहिलेला आहे, ते आपोआप दिसतं.

सुरुवात जमिनीपासून करू. घानाच्या राज्यघटनेप्रमाणे जमिनीखालचं खनिज राष्ट्राध्यक्षांच्या ताब्यात, जनतेच्या वतीने. जमीन मात्र बऱ्याच भागांत पारंपरिक प्रमुखाच्या गादीची. आणि त्या जमिनीवर उभी असलेली कोकोची झाडं कुळाची, जे पिकाचा ठरलेला हिस्सा मालकाला देऊन शेती करतं. एकाच जागेवर असे तीन हक्क. छोट्या खाणीचा परवाना फक्त 18 वर्षांवरच्या घानाच्या नागरिकाला, जास्तीत जास्त 25 एकरांसाठी मिळतो. त्यासाठी खनिज आयोगाच्या जिल्हा कचेरीत अर्ज करायचा, गावात नोटीस लागायची, पर्यावरण विभागाची परवानगी घ्यायची, पाणी वापरायचं तर जलसंपदा आयोगाची वेगळी, आणि शेवटी मंत्र्यांची मंजुरी. प्रत्येक टप्प्याला पैसे, प्रत्येक टप्प्याला राजधानी अक्राकडे डोळे. खोदणारा माणूस राहतो तार्क्वा, प्रेस्तेआ किंवा डंक्वाच्या आसपास, आणि कागद महिनोन् महिने अडकून राहतो. परवान्याशिवाय खोदायचं असेल तर गावातच दोघांना राजी केलं की काम सुरू: गादीच्या माणसांना आणि कोकोच्या शेतकऱ्याला. कोकोचा भाव पडलेला असेल, झाडं म्हातारी झाली असतील, तर शेतकरीही रोख पैशाला नकार देत नाही.

त्यात आणखी एक अडचण. सोन्याने समृद्ध पट्ट्यांतली बरीच जमीन मोठ्या कंपन्यांच्या भाडेपट्ट्यात आधीच गेलेली. छोट्यांसाठी राखून ठेवलेल्या जागांखाली सोनं आहे की नाही याचं सर्वेक्षण अनेकदा झालेलंच नसतं. परवाना मिळाला तरी त्या जागेत काही निघेल याची शाश्वती नाही. मग माणूस जिथे सोनं आहे तिथे जातो, मग ती जागा कंपनीची असो वा राखीव जंगलाची.

आता खड्ड्यात उतरू. 1989चा कायदा लिहिताना समोर होता फावडं, घमेलं आणि लाकडी पन्हळ घेऊन काम करणारा गावकरी. छोटेपणा मोजला गेला तो जमिनीच्या क्षेत्रफळाने. साधारण 2008नंतर चित्र पालटलं. चीनच्या ग्वांग्शी प्रांतातल्या शांगलिन तालुक्यातून हजारो लोक घानात आले. त्यांनी एक्स्कॅव्हेटर, पंप आणि वाळू धुण्याची यंत्रं आणली. परदेशी माणसाला छोटी खाण चालवता येत नव्हती, पण परवानाधारकाला ‘सेवा’ पुरवता येत होती. त्या फटीतून बरेच जण आत शिरले. 2013मध्ये सरकारने मोठी मोहीम काढून साडेचार हजारांहून अधिक चिनी नागरिकांना परत पाठवलं. यंत्रं आणि पद्धत मात्र तिथेच राहिली, आता स्थानिक हातांत. जे काम दहा माणसं फावड्याने महिन्यात करत, ते एक यंत्र काही दिवसांत करतं. 25 एकरांची मर्यादा कागदावर तशीच, पण त्या 25 एकरांत होणारं नुकसान पूर्वीच्या हिशेबाबाहेरचं.

एक्स्कॅव्हेटर भाड्याने घ्यायचा, डिझेल भरायचं, माणसांना रोज खायला घालायचं, तर भांडवल लागतं. बँक यासाठी कर्ज देत नाही. पैसा येतो तो सावकाराकडून, ज्याला तिथे ‘स्पॉन्सर’ म्हणतात. बहुतेकदा तोच सोन्याचा खरेदीदार असतो. अट साधी: निघालेलं सोनं मलाच विकायचं, माझ्या भावाने. म्हणजे खड्ड्यात कोण उतरणार, कुठे खणायचं, किती वेगाने खणायचं, हे ठरवणारा माणूस खड्ड्याच्या जवळपासही नसतो. धाड पडते तेव्हा हाती लागतो तो चिखलात उभा असलेला मुलगा.

आणि धाडी खूप पडल्या. 2017च्या वसंतात सरकारने सगळ्याच छोट्या खाणींवर बंदी घातली, परवाना असलेल्यांवरही. ती 2018च्या डिसेंबरात उठली. सैनिक आणि पोलिसांची ‘ऑपरेशन व्हॅनगार्ड’ मोहीम चालली. 2021मध्ये ‘ऑपरेशन हॉल्ट’ आलं, त्यात सैनिकांनी जागेवरच यंत्रं जाळली. 2019च्या दुरुस्तीने बेकायदा खाणकामाला 15 ते 25 वर्षांची कैद ठेवली. शिक्षा एवढी जबर केली की वचक बसेल, हा हिशेब. बंदीने परवानाधारकालाच सर्वांत जास्त मारलं, कारण नियम पाळणारा तोच होता आणि त्याचं दार बंद करणं सोपं होतं. परवाना काढून काय मिळालं, असा प्रश्न त्याच्या मनात आला तर त्याला दोष देता येणार नाही. बेकायदा खाणकामाविरुद्धच्या मंत्रिस्तरीय समितीचे माजी अध्यक्ष प्रा. क्वाबेना फ्रिम्पोंग-बोआतेंग यांचा अहवाल 2023मध्ये बाहेर आला, तेव्हा त्यात सत्तेच्या जवळच्या लोकांवरच या धंद्यात गुंतल्याचे आरोप होते. संबंधितांनी ते फेटाळले.

खड्ड्यातली वाळू पन्हळीतून धुतली जाते. पन्हळीच्या तळाशी जाजम अंथरलेलं असतं, त्यात जड कण अडकतात. ते घमेल्यात घेऊन त्यात पारा ओततात. पारा सोन्याला धरतो. तो गोळा कापडातून पिळतात आणि उरलेला मऊ गोळा गॅसच्या ज्योतीवर तापवतात. पारा 357 अंशांना उकळतो, वाफ होऊन उडतो, आणि मागे सच्छिद्र सोनं उरतं. हे काम अनेकदा घराच्या अंगणात किंवा खरेदीदाराच्या दुकानात होतं, जवळ मुलं वावरत असतात. जगभरात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत छोटं सोनेखाणकामच आहे, सुमारे 38 टक्के. नदीत पडलेला पारा जीवाणूंमुळे मिथाइल पाऱ्यात बदलतो आणि माशांतून माणसात येतो. घानाने मिनामाता करारावर 2017मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि उघड्यावर पारा जाळणं संपवण्याची जबाबदारी घेतली. पण ज्या ज्योतीला पाच मिनिटं पुरतात, ती पकडायला निरीक्षक किती लागतील? वाफ अडवून पारा परत मिळवणारं बंद भांडं असतं, ते महागही नाही. ते न वापरण्याचं कारण घाई असते, आणि घाई स्पॉन्सरच्या उधारीतून येते.

माझ्या मते या सगळ्या वाटेवर सर्वांत शिकवणारी जागा पुढे आहे, जिथे सोनं देशाबाहेर पडतं. सोनं लहान, महाग आणि वाहून न्यायला सोपं. घानात 2019पासून छोट्या खाणींच्या सोन्यावर निर्यात करताना 3 टक्के कर कापायला सुरुवात झाली. 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण या व्यापारात खरेदीदाराचा नफाही जवळपास तेवढाच असतो. सोनं चोरून सीमेपार नेलं की तो सगळा कर वाचत होता. परिणाम आकड्यांत दिसला. छोट्या खाणींचं नोंदलेलं उत्पादन 2020मध्ये 11 लाख औंसांहून अधिक होतं. 2021मध्ये ते सुमारे 1 लाख औंसांवर आलं. खोदाई काही एवढी कमी झाली नव्हती, नद्या तशाच गढूळ होत्या. 2022मध्ये कर दीड टक्क्यावर आणला आणि त्याच वर्षी नोंद साडेसहा लाख औंसांपर्यंत वर गेली. 2025मध्ये तो पूर्णच काढून टाकला. ‘स्विसएड’ या संस्थेच्या 2025च्या अहवालाप्रमाणे 2019 ते 2023 या पाच वर्षांत घानाच्या निर्यात-नोंदी आणि इतर देशांच्या आयात-नोंदी यांत 229 टन सोन्याचा फरक निघाला, आणि त्याचा मोठा भाग दुबईच्या वाटेने गेला. सैनिक आणि 25 वर्षांची कैद जे करू शकली नाही, ते कर दीड टक्क्याने इकडेतिकडे झाल्याने झालं. म्हणूनच खोदणाऱ्याला दरडावण्याआधी खरेदीचा भाव नीट ठरवणं मला महत्त्वाचं वाटतं.

हे घाना सरकारलाही उमगलेलं दिसतं. 2025च्या कायद्याने ‘गोल्डबोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. छोट्या खाणींचं सोनं विकत घेणं, तपासणं आणि निर्यात करणं हा अधिकार तिच्याकडे आला, आणि 1 मे 2025पासून परदेशी व्यापाऱ्यांना स्थानिक बाजारात सोनं खरेदी करायला मनाई झाली. भाव चांगला मिळाला की सोनं सरकारकडे येईल, ही कल्पना योग्य आहे आणि त्याने चोरटी निर्यात आटोक्यात येऊ शकते. पण याने नदी वाचेलच असं नाही. ऑक्टोबर 2025मध्ये सोन्याने औंसाला 4000 डॉलरांचा टप्पा ओलांडला. चांगला भाव आणि पक्का खरेदीदार मिळाला की परवान्याशिवाय काढलेलं सोनंही त्याच खिडकीवर येतं. विकताना ते कुठल्या खड्ड्यातलं, हे विचारलं गेलं आणि नोंदलं गेलं तरच खरेदीची ताकद खाणीपर्यंत पोचते.

नोंद पहिल्या खरेदीलाच का हवी, हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको. विटा-खानापूर भागातली गलाईवाली माणसं देशभर सोनं गाळतात. दहा घरांच्या मोडलेल्या बांगड्या एका मुशीत गेल्या की निघालेल्या लगडीत कुणाची बांगडी कुठे हे कुणी सांगू शकत नाही. घानाच्या सोन्याचंही तेच. खरेदीदाराच्या दुकानातच अनेक खड्ड्यांचं सोनं एकत्र वितळतं, मग जाडसर कच्च्या लगडी बनतात. त्या स्वित्झर्लंड, दुबई आणि भारतातल्या शुद्धीकरण कारखान्यांत जातात. भारत घानाकडून जे काही विकत घेतो, त्यात सोन्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. 2024मध्ये अक्रात सुरू झालेल्या शुद्धीकरण कारखान्यातही एक भारतीय कंपनी भागीदार आहे. गोल्डबोर्डच्या कायद्यात सोन्याचा माग ठेवण्याची तरतूद आहे. ती चालायची तर खड्ड्यावर पहिल्यांदा सोनं घेणाऱ्या माणसालाच परवाना क्रमांक, जागा आणि वजन लिहावं लागेल. आणि ते लिहिणाऱ्याला, न लिहिणाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त मिळावे लागतील.